गोलाचा परीघ आणि गोलावरचे वर्तुळ: टेप नेमकी कुठे धरायची?

डिचोलीला बहिणीकडे गेलो, तर भाचा नवा फुटबॉल मांडीवर घेऊन रडवेला बसलेला. "मामा, हा पाच नंबरचा नाहीच. मी मोजला, साडेसहासष्टच भरला." पाच नंबरच्या बॉलचा परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर असावा लागतो, हे गोव्यातल्या खेळणाऱ्या पोराला पाठ असते. त्याला पुन्हा मोजायला लावले. त्याने आईची शिवणाची टेप गुंडाळली आणि घोळ कळला: टेप मधोमध नव्हती, चांगली तीन सेंटीमीटर वर सरकली होती. मोजमाप खरे होते, वर्तुळही खरे होते, पण तो बॉलचा परीघ नव्हता.

कागदावर काढलेल्या वर्तुळाला एकच कड असते, म्हणून त्याच्या परिघाबद्दल शंका येत नाही. गोलाला कडच नाही. त्याच्याभोवती हवी तितकी वर्तुळे काढता येतात. गोल कलिंगड घ्या. सुरी कशीही सरळ चालवली तरी काप वर्तुळाकारच निघतो, टोकाजवळ लहान, आत जावे तसा मोठा. सुरी बरोबर केंद्रातून गेली की सर्वांत मोठा. त्या सर्वांत मोठ्या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात आणि गोलाचा परीघ म्हणजे त्याचीच लांबी. बाकीची सगळी लघुवृत्ते. सुरी आडवी, उभी की तिरकी याने काही बिघडत नाही, केंद्रातून गेली पाहिजे एवढेच. भाच्याला वाटत होते की टेप जमिनीला समांतर असली की झाले. बऱ्याच मुलांचा गोंधळ इथेच होतो.

टेप किती सरकली की किती चुकते, हे मला फार सुंदर वाटते. बॉलची त्रिज्या ११ सेंटीमीटर धरा, म्हणजे परीघ २ × ३.१४ × ११, सुमारे ६९.१. टेप मध्यापासून १ सेंटीमीटर सरकली, तर पायथागोरसच्या प्रमेयाने त्या वर्तुळाची त्रिज्या १२१ वजा १, म्हणजे १२० चे वर्गमूळ. परीघ येतो ६८.८. चूक फक्त तीन मिलिमीटर! पण ३ सेंटीमीटर सरकली की ११२ चे वर्गमूळ, आणि आकडा थेट ६६.५ वर. भाच्याचाच आकडा. सरकणे तिप्पट झाले, चूक मात्र जवळजवळ नऊपट. म्हणून अगदी मध्य सापडला नाही तरी घाबरायचे कारण नाही, मध्याच्या आसपास राहिले की पुरते.

मध्य शोधायची युक्तीही सोपी आहे. टेप ताणून धरा आणि हळूहळू सरकवा. लघुवृत्तावर असेल तर ताण देताच ती जवळच्या टोकाकडे घसरू पाहते, कारण तिकडे वर्तुळ लहान होत जाते. टेप घट्ट आणि सपाट ठेवून जो सर्वांत मोठा आकडा मिळेल, तोच परीघ. ढिली किंवा नागमोडी टेप मात्र उगाच जास्त दाखवते.

दुसरा मार्ग म्हणजे बॉल दोन जाड, उभ्या पुस्तकांमध्ये धरून त्यांतले अंतर मोजायचे. तो व्यास. त्याला ३.१४ ने गुणा. यात एक अडचण आहे: व्यासात एक मिलिमीटर चुकलात, तर परिघात तीनहून जास्त चुकता. उलट टेपने परीघ मोजून व्यास काढला, तर चूक एक तृतीयांश होते. म्हणून जमेल तिथे मी टेपच घेईन.

हाच फरक पृथ्वीवर पाहा. विषुववृत्त बृहद्वृत्त आहे, लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर. पणजीचे अक्षवृत्त जवळजवळ साडेपंधरा अंशांवर, तेही पृथ्वीला पूर्ण वळसा घालते, पण लघुवृत्त. विषुववृत्ताच्या लांबीला १५.५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९६४ ने गुणले की सुमारे ३८,६०० किलोमीटर येतात. पणजीवरून दोन्ही ध्रुवांकडे जाणारा वळसा मात्र ४०,००८ किलोमीटरचा. विषुववृत्ताहून थोडा कमी, कारण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे.

पणजीच्याच अक्षवृत्तावर सुदानचे खार्तूम आहे. अक्षवृत्त धरून सरळ पश्चिमेला गेलात, तर बृहद्वृत्ताच्या वाटेपेक्षा सुमारे सात किलोमीटर जास्त पडतात, साडेचार हजारांच्या प्रवासात ते जाणवणारही नाहीत. पण याच अक्षवृत्तावर पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या बाजूला जायचे असेल, तर अक्षवृत्ताने सुमारे १९,३०० किलोमीटर होतात आणि उत्तर ध्रुवावरून फक्त १६,६०० च्या आसपास. नकाशावर आडवी रेघ सरळ दिसते म्हणून तीच जवळची वाट असे समजू नये.

भाच्याने टेप पुन्हा लावली, या वेळी ताणून, वर-खाली सरकवत. सर्वांत मोठा आकडा आला ६९. मग तो बॉल घेऊन मैदानाकडे पळाला, टेप तशीच ओसरीवर टाकून.