शिकेकाई, शाम्पूची पुडी आणि परत तेल : लांब केसांच्या 'जेंटल रूटीन'ची पार्श्वभूमी

लांब केस वाढवायचे असतील तर हल्ली जे जेंटल रूटीन सांगतात ते साधारण असं असतं, धुवायच्या आधी तेल लावा, आठवड्यातून एकदा फार तर दोनदा धुवा, सल्फेटवाला (म्हणजे कडक डिटर्जंटचा) शाम्पू नको, ओले केस विंचरू नका, टॉवेलने खसाखसा पुसू नका, रात्री सैल वेणी घाला. हे वाचलं की आपल्याकडे दहातल्या नऊ जणी म्हणणार, अगं हे तर आमची आजी करायची! खरंय, पण अर्धंच खरंय. आजीचे केस टिकले ते कुठल्या गुप्त जडीबुटीमुळे नाही, मला विचाराल तर ते टिकले कारण ते फार कमी वेळा धुतले जायचे, आणि कमी वेळा धुतले जायचे कारण केस धुणं हे घरातलं एक मोठं कामच होतं.

नळ सोडला की गरम पाणी ही अगदी अलीकडची चैन. आधी पाणी शेंदून आणायचं, बंब पेटवायचा, त्याला लाकडं-गोवऱ्या घालायच्या, आणि कमरेपर्यंतचे केस धुवायचे म्हणजे एका तांब्यात भागत नाही. घरात चार-पाच बायका असल्या की सगळ्यांचे न्हायचे वार ठरलेले, त्यात उपास, सणवार, अमुक वारी न्हायचं नाही, तमुक वारी भाऊ असलेलीने न्हायचं नाही, प्रत्येक घराची बंधनं वेगळी. आधी तेल, कोकणात खोबरेल, देशावर तिळाचंही, आणि जरा हौशी घर असेल तर माका-ब्राह्मी-जास्वंद घालून कढवलेलं. मग शिकेकाई. तीही नुसती नाही, रिठे, आवळकाठी, संत्र्याची वाळलेली साल, मेथ्या, नागरमोथा, गव्हला कचोरा असं सगळं वाळवून दळून आणायचं (शिकेकाई दळायला टाकली की अख्खी गिरणी शिंकत बसते, म्हणून गिरणीवाला ती शेवटी घ्यायचा), नाहीतर शेंगा रात्री भिजवून सकाळी उकळून गाळून घ्यायच्या. एवढं करून मागून चोळून द्यायला नि पाणी घालायला दुसरी बाई लागायचीच. धुतल्यावर जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात केस गुंडाळायचे, मग शेगडीवर ऊद-धूप टाकून त्यावर सुकवायचे, बाळंतीण असेल तर ओवा-वावडिंगाची धुरी. आणि सगळं वाळल्यावर फणेरपेटी काढून निवांत गुंता सोडवत बसायचं. हे सगळं रोज कोण करणार?

आता केसांच्या बाजूने बघा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, थोडा जास्तच, वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या केसाचं टोक जवळजवळ सहा वर्षांचं असतं, आणि डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याची झीज तो स्वतः भरून काढू शकत नाही. आठवड्याला एकदा न्हाणाऱ्या बाईच्या त्या टोकाने तीनशेच्या आसपास धुणी सोसलेली असतात, रोज शाम्पू करणारीच्या टोकाने दोन हजारांच्या वर. फरक इथेच पडतो, बाकी सगळं नंतर.

शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन नावाची मळ काढणारी नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यांना शाम्पूपेक्षा फेस कमी येतो आणि तेल काढायची ताकदही बेताची. वर शिकेकाईचं पाणी किंचित आंबट, त्यामुळे केसाचे वरचे खवले फुलत नाहीत. तेल लावून शिकेकाईने न्हायलं की सगळं तेल जातच नाही, थोडं मागे राहतं आणि तेच कंडिशनरचं काम करतं. त्या जुन्या पद्धतीत कंडिशनर वेगळा लागला नाही तो यामुळे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोज डोक्याला तेल लावणाऱ्याचं डोकं दुखत नाही, टक्कल पडत नाही, केस पिकत नाहीत, गळत नाहीत असं सांगितलंय. त्यातलं टकलाचं आणि पिकण्याचं वचन तेलाच्या ऐपतीबाहेरचं आहे. तेल मुळातून केस उगवत नाही, उगवलेला मोडू देत नाही, आणि लांबी वाढवायची असेल तर तेही पुष्कळ झालं.

पण जुनं ते सगळं मऊ नि प्रेमळ होतं असंही नाही हां. कढत पाणी डोक्यावर ओतायचे, नीट न गाळलेली शिकेकाई डोळ्यात गेली की मुलं किंचाळायची, उवांच्या भीतीने बारीक फणी आणि डोळे ओढले जातील इतकी घट्ट वेणी. शाळेत दोन वेण्या वर रिबिनी, तीच वर्षानुवर्षं. सतत ताण बसून कपाळावरचे आणि कानामागचे केस विरळ होतात हे आता त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, पण तेव्हा घट्ट वेणी म्हणजे चांगल्या घरची मुलगी. आणि मुळात लांब केस ठेवायचे की नाही हे तरी कुठे प्रत्येकीच्या हातात होतं. ज्या घरात सुनेच्या केसांना एवढी निगा मिळायची त्याच घरात, विशेषतः ब्राह्मण घरांत, ती विधवा झाली की न्हावी बोलावला जायचा. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईतल्या न्हाव्यांना संघटित केलं आणि त्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, तो याच प्रथेविरुद्ध. आजीच्या काळातली केसांची निगा म्हणून जे आपण हळवं होऊन आठवतो ती सवाष्णीची आणि कुमारिकेची निगा होती, एवढं लक्षात असलेलं बरं.

मग साबण आला आणि केसांचे खरे हाल सुरू झाले. साबण अल्कलीयुक्त, त्याने खवले फुलतात, आणि विहिरी-बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट पांढरा साका केसांवर बसतो, मग शेवटी लिंबू पिळून पाणी घ्यायची युक्ती. शिकेकाईच्या नावाचे साबणही निघाले, पण साबण तो साबणच. बाहेरही हीच रड होती, जर्मनीत हान्स श्वार्झकॉफने 1903 मध्ये शाम्पूची पावडर काढली होती तरी साक्याचा प्रश्न खरा सुटला तो कृत्रिम डिटर्जंटमुळे, अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने 1934 मध्ये आणलेला ड्रीन हा त्यातला पहिला मोठा शाम्पू. तो साका ठेवत नव्हता, पण केसांचं स्वतःचं तेलही ठेवत नव्हता. त्यातून मग कंडिशनरची बाजारपेठ उभी राहिली, आधी काढायचं आणि मग विकत आणून परत लावायचं.

आपल्याकडे सनसिल्क वगैरे साठच्या दशकात आले तरी बाटली ही शहरातल्या बऱ्या घरातली गोष्ट होती. चित्र पालटलं पुडीमुळे. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांना शाम्पूच्या सॅशेचं श्रेय देतात, त्यांच्या घरातूनच वेल्वेट शाम्पू आला आणि मुलगा सी. के. रंगनाथन याने 1983 मध्ये चिक शाम्पू सुरू केला, पुढे तो पन्नास पैशाला मिळायला लागला. गावच्या किराणा दुकानात पुड्यांच्या माळा लटकल्या आणि शिकेकाई दळून आणायचं कारणच संपलं. यात मला काही वाईट वाटत नाही, ज्या बाईचा अर्धा दिवस त्या न्हाण्यात जायचा तिला विचारा! फक्त एक झालं, काम सोपं झाल्यावर वारंवारता वाढली.

तेल मात्र टिकलं, आणि ते कसं टिकलं हेही मजेशीर आहे. मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचं पॅराशूट खोबरेल आधी पत्र्याच्या डब्यात यायचं. ऐंशीच्या दशकात त्या कंपनीच्या मालक घराण्यातल्या हर्ष मारीवाला यांना ते प्लास्टिकच्या बाटलीत आणायचं होतं, पण दुकानदार तयार नव्हते, कारण आधी कुणाच्या तरी चौकोनी बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या नि तेल सगळीकडे सांडलं होतं. मग गोल बाटली केली, म्हणजे उंदराला दात रोवायला कोपराच नको, आणि चक्क पिंजऱ्यात उंदरांसोबत बाटल्या ठेवून दुकानदारांना दाखवलं. तीच पुढे निळी बाटली, जी पुण्याच्या थंडीत गोठते आणि उन्हात ठेवावी लागते.

त्याच मारीवालांच्या मारिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांचा एक पेपर 2003 मध्ये आला आणि तो आज जगभरच्या हेअर केअरवाल्यांच्या तोंडी असतो. खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून निघणारं) अशी तीन तेलं घेऊन केसांतून धुताना प्रथिनं किती जातात हे त्यांनी मोजलं, ते कमी करणारं तिघांत एकटं खोबरेल निघालं. कारण त्यातलं लॉरिक अॅसिड, लहान आणि सरळ साखळीचं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं, मग धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे विसरू नका, पण तेल केसात शिरतं हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या एका संस्थेबरोबर केलेल्या कामातही दिसलेलं आहे.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेत कुरळ्या केसांच्या बायकांनी शाम्पूविरुद्ध बंड केलं होतं, लॉरेन मॅसी यांचं 'कर्ली गर्ल' पुस्तक 2001 चं. सल्फेट नको, कमी धुवा, टॉवेल नको जुना सुती टीशर्ट घ्या. सोशल मीडियावरून तेच आपल्यापर्यंत आलं, 'प्री-वॉश ऑइलिंग' असं नाव घेऊन, आणि आपण मायक्रोफायबरचा टॉवेल ऑर्डर केला.

या परतीच्या प्रवासात थोडा कचराही आलाय. कोंडा झाला की रात्रभर तेल थापा हा सल्ला जुनाही आहे आणि नवाही, आणि दोन्ही वेळा चुकीचा, कारण कोंड्यामागची मॅलेसेझिया बुरशी तेलातल्याच फॅटी अॅसिडवर जगते, तिथे औषधी शाम्पू लागतो आणि तो वेळच्या वेळी लावावा लागतो. तेल लावायचं ते केसांच्या लांबीला, टोकांना. दुसरं ते रोझमेरीचं पाणी. 2015 च्या ज्या अभ्यासाचं नाव घेऊन ते विकतात त्यात पाणी नव्हतं, रोझमेरीचं तेल होतं, ते टक्कल पडत असलेल्या पुरुषांवर सहा महिने 2 टक्के मिनॉक्सिडिल या टकलावरच्या औषधाच्या शेजारी तपासलं होतं. त्यावरून कुणीतरी पानं उकळून स्प्रेच्या बाटलीत भरली, आणि कमरेपर्यंत केस हवे असलेल्या मुली ती रोज फवारतायत.