दाट म्हणजे गाठ नव्हे

न्यू जर्सीहून वहिनींचा फोन. "भावजी, मॅमोग्राम नॉर्मल म्हणतात आणि खाली लिहितात, तुमचे स्तन दाट आहेत. दाट म्हणजे गाठच ना?"

नाही हो. मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा क्ष-किरणांनी काढलेला फोटो. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला ही माहिती बाईला कळवावीच लागते. त्यामागे कनेटिकटच्या नॅन्सी कॅपेलो यांचा लढा आहे. दरवर्षी मॅमोग्राम नॉर्मल येत असताना २००४ मध्ये त्यांना पुढच्या टप्प्यातला कर्करोग निघाला. आपले स्तन दाट आहेत आणि त्यामुळे गाठ लपू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या राज्यात २००९ मध्ये तसा कायदा झाला.

हा दाटपणा हाताला कळत नाही, तो फक्त चित्रात दिसतो. चरबी काळपट उमटते. ग्रंथी आणि तंतू पांढरे. पांढरं किती, त्यावरून ए, बी, सी, डी असे चार गट; ए सर्वांत कमी दाट, डी सर्वांत जास्त. सी आणि डी मिळून जवळजवळ निम्म्या बायका होतात, म्हणजे हा काही आजार नव्हे. अगदी दाट स्तनांत कर्करोगाचा धोका मात्र खरोखरच वाढतो.

पण चरबी काळी आणि ग्रंथी पांढरी का? इथे मला राहवत नाही. क्ष-किरणाचा कण अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनला हुसकावून स्वतः संपतो. हे घडण्याची शक्यता साधारण अणुक्रमांकाच्या घनानुसार वाढते. चरबीत कार्बनचा भरणा, क्रमांक ६. ग्रंथीत पाणी जास्त, म्हणजे ऑक्सिजन, क्रमांक ८. सहाचा घन २१६, आठाचा ५१२! दोनाचा फरक घनाने दुपटीच्या वर नेला. मात्र किरण जोरदार असतील तर हा परिणाम झपाट्याने ओसरतो आणि नुसतं विखुरणं उरतं. त्याला अणुक्रमांकाचं फारसं सोयरसुतक नसतं. म्हणून मॅमोग्राफीला मुद्दाम मवाळ किरण लागतात. परंपरेने ते मॉलिब्डेनमपासून काढतात, ऊर्जा साडेसतरा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. मवाळ किरण जाड थरातून नीट पार होत नाहीत, म्हणून तो चपटा करणारा दाब. वहिनींच्या भाषेत, "पोळपाटावर लाटतात मेले."

पंचाईत अशी की कर्करोगाची गाठही पेशी आणि पाण्याचीच. तिचा आणि ग्रंथीचा पांढरा रंग जवळपास एकच. दहीभातात खोबऱ्याचा तुकडा शोधा!

मग प्रश्नच बदलायचा. गाठीने घाईघाईत उभारलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. शिरेतून गॅडोलिनियम या धातूचं औषध सोडलं की ते तिथे झिरपतं आणि एमआरआयमध्ये चमकतं. नेदरलँड्समधल्या 'डेन्स' चाचणीत (२०१९) फक्त डी गटातल्या, मॅमोग्राम नॉर्मल असलेल्या सुमारे ४० हजार स्त्रिया होत्या. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटणारे कर्करोग हजारी ५ होते. ज्यांना एमआरआयसाठी बोलावलं त्यांच्यात ते अडीचवर आले. बोलावलेल्यांपैकी ५९ टक्केच गेल्या, तरीही. ब्रिटनच्या 'ब्रेड' चाचणीत (२०२५) सी आणि डी दोन्ही गट होते. तिथे आयोडीन टोचून काढलेल्या मॅमोग्राममध्ये हजारी १९ कर्करोग सापडले, स्वयंचलित सोनोग्राफीत चारच. आयोडीनचा अणुक्रमांक ५३. त्याचा घन तुम्हीच काढा! लवकर सापडल्याने जीव किती वाचतात, हे मात्र या चाचण्यांतून अजून सिद्ध झालेलं नाही.

'किरणं नाहीत, दुखत नाही' म्हणत थर्मोग्राफीची शिबिरं भरवणाऱ्यांपासून लांब राहा. मॅमोग्रामला तो पर्याय नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच बजावलंय. काळ्या ब्रामुळे कर्करोग होतो, हा व्हॉट्सॲपी शोध तर बोलण्याच्याही लायकीचा नाही.

आपल्याकडे मॅमोग्रामच किती जणींचा होतो? मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी निव्वळ हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत फायदा दिसला नाही.

वहिनींचा अहवाल सी गटाचा. डॉक्टरांना पुढच्या तपासणीबद्दल विचारा म्हटलं, आणि मावशीला झाला होता तेही सांगा. त्यांना मधुमेह आहे. आयोडीन टोचायचं ठरलंच तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी रक्ततपासणी, बघायला लावा, एवढं बजावून ठेवलंय.