शेपटीवाली पाकोळी रक्त पीत नाही

पडक्या किल्ल्याच्या अंधाऱ्या कोठीत शिरलं की कुणीतरी हमखास बजावतं, "आत जाऊ नका, पाकोळ्या रक्त पितात." पाकोळ्या म्हणजे लहान वटवाघळं, आणि हे साफ खोटं आहे. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात फक्त 3 जाती, आणि त्या तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या. भारतात एकही नाही.

उत्तर आफ्रिकेपासून भारतातल्या कोरड्या मुलखापर्यंत राहणारी उंदीरशेपटी पाकोळी तर किडेखाऊ. भुंगेरे, पतंग, वाळवी हे तिचं जेवण. तिच्या वस्तीखालची वाळकी लेंडी काडीने फोडून बघा: किड्यांच्या चकाकत्या कवचांचे तुकडे दिसतील. भीती वाटते ती बहुधा तिच्या शेपटीची. इतर बहुतेक पाकोळ्यांची शेपटी पडद्यात गुरफटलेली, हिची मात्र उंदरासारखी लांब, मोकळी लोंबणारी. नाकपुड्या नुसत्या फटी. धूळ उडाली की मिटून घेता येतात. किती नेमकी सोय! पावसाळ्यानंतर किडे भरपूर असताना ती ओटीपोटाभोवती चरबी साठवते आणि हिवाळ्यातले टंचाईचे दिवस त्यावर काढते.

वर्षाला जेमतेम एक पिल्लू होतं. म्हणून कोठीत धूर करून त्यांना हुसकावणं माझ्या मनाला फार लागतं.