सिलिकॉनला व्हिनेगरचा वास का येतो आणि कडप्प्याला ते का चालत नाही

फटी बुजवायला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "एक सिलिकॉन द्या" म्हटलं की काउंटरवरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, ट्रान्सपरंट का व्हाइट? कुठे लावणार, कशाला लावणार, हे कोणी विचारत नाही. खरं तर रंग हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. फट कशाची आहे त्यापेक्षा फटीच्या दोन बाजूंना काय आहे हे आधी बघायला हवं, कारण सीलंट, म्हणजे फट बुजवणारं मटेरिअल, फटीला चिकटत नाही, त्या दोन बाजूंना चिकटतं.

साधं, स्वस्तातलं जीपी, म्हणजे जनरल पर्पज सिलिकॉन गनमधून बाहेर आलं की नाकात व्हिनेगरसारखा वास जातो. तो नुसता व्हिनेगरसारखा नाही, व्हिनेगरमधलंच ॲसिटिक ॲसिड असतं ते. सिलिकॉन वाळत नाही, म्हणजे रंगासारखं त्यातलं पाणी उडून जातं असं काही होत नाही, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, त्या गुंतताना जो भाग सुटा होतो तो ॲसिटिक ॲसिड. या प्रकाराला ॲसिटॉक्सी म्हणतात. काचेला हा एक नंबर चिकटतो, ग्लेझ्ड टाइल आणि बेसिनलाही, आणि काचेचे फिशटँक यानेच जोडतात. (फक्त फिशटँकसाठी बाथरूमचं सॅनिटरी सिलिकॉन घेऊ नका, त्यात बुरशीनाशक असतं, मासे मरतील.)

आता आपल्याकडचा किचन ओटा बघा. जुन्या घरात ओटा कडप्प्याचा, फरशी शहाबादी नाहीतर कोटा, देवघर मार्बलचं. हे सगळे दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच्या घराण्यातले. त्यावर ॲसिड पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सिलिकॉन ज्या पृष्ठभागाला धरून बसणार तोच भुसभुशीत होतो. वरून पट्टी छान दिसते पण काही महिन्यांत कडेला नख घातलं की अख्खी दोरीसारखी निघून येते, आणि लोक म्हणतात सिलिकॉन डुप्लिकेट होतं. सिमेंट प्लास्टरवरही तेच, कारण त्यात चुना आहेच. आपला दगड कोणता कळत नसेल तर ओट्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथली चमक गेली तर तो चुनखडीवालाच. ग्रॅनाइटला असं काही होत नाही.

अशा ठिकाणी नळीवर "न्यूट्रल" लिहिलेलं सिलिकॉन घ्यायचं. थोडं महाग पडतं, पण त्यातून ॲसिड सुटत नाही, वासही तितका उग्र नसतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि आरसा यांनाही न्यूट्रलच. आरशामागे ॲसिटॉक्सी लावलं तर मागचा चांदीचा थर खराब होऊन पुढून काळे डाग दिसायला लागतात, ते पुसून जात नाहीत.

पण मटेरिअल बरोबर निवडलं तरी अर्धंच काम झालं, कारण सांधा हलतो. दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची स्लायडिंग विंडो घ्या, थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत फ्रेमच्या तापमानात 40 अंशांचा फरक धरला तर ती जवळपास 1.8 मिलिमीटर लांबते, तिच्या बाजूची काँक्रीटची भिंत त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे सांध्यात सुमारे एक मिलिमीटरची ओढाताण, ती रोज थोडी थोडी चालू. इथे व्हाइट सिमेंट किंवा एम-सील भरलं तर ते ताणलं जाऊच शकत नाही, केसासारखी भेग पडते आणि पहिल्या जोरदार पावसात खिडकीखालच्या भिंतीला ओल येते. एम-सील वाईट नाही, ते एपॉक्सी आहे, न हलणाऱ्या गोष्टीला, म्हणजे पाइपच्या बारीक चिरेला वगैरे मस्त, पण हलणाऱ्या सांध्याला रबरासारखंच काहीतरी लागतं. आणि त्यालाही जागा लागते. चांगलं सीलंट फटीच्या रुंदीच्या साधारण 25 टक्के ताण सहन करतं, म्हणजे वरच्या खिडकीला पाचेक मिलिमीटरची फट ठेवायला हवी. कारागीर फट अगदी बारीक ठेवून वरून सिलिकॉनचा हात फिरवतात, दिसायला नीटनेटकं दिसतं, टिकत नाही.

गच्ची आणि कठड्याच्या सांध्याला पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू सीलंट. काँक्रीटला घट्ट धरतं आणि वरून रंग बसतो, जो सिलिकॉनवर कधीच बसत नाही, सोलून निघतो. फक्त पीयू ओल्या काँक्रीटवर लावू नये, पाण्याशी त्याची रिॲक्शन होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि आत फुगे राहतात. उन्हात ते पिवळंही पडतं, म्हणून वर रंग हवाच. सिलिकॉनला उन्हाची तितकी पर्वा नाही कारण त्याचा कणा सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या बंधाचा आहे, तो कार्बन-कार्बन बंधापेक्षा मजबूत असतो, सूर्याचे अतिनील किरण त्याला सहज तोडू शकत नाहीत. ॲक्रिलिक सीलंट फक्त घरातल्या भिंतीच्या बारीक तड्यांना, पाणी साचतं तिथे नाहीच.

गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी हा वेगळाच वैताग. ती पॉलिएथिलीनची असते आणि त्याला जवळपास काहीच चिकटत नाही, म्हणून तर सीलंटची नळीसुद्धा त्याच जातीच्या प्लास्टिकची करतात. तडा गेलेल्या टाकीवर कितीही सिलिकॉन थापा, पैसे पाण्यात. त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करणारा माणूस शोधायचा, नाहीतर टाकी बदलायची.

जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन चढवू नका, धरत नाही. जुनं ब्लेडने पूर्ण खरवडून काढा, साबणाचा चिकटा स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या. लावल्यावर वरची साय दहा-वीस मिनिटांत धरते पण ओलावा बाहेरून आत झिरपत जातो, त्यामुळे दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पक्कं होतं, म्हणून बाथरूममध्ये निदान 24 तास शॉवर बंद. कोकणात पावसाळ्यात जरा लवकर होतं, विदर्भात मे महिन्यात उशीर लागतो. नळी घेताना तारीख बघा, बंद नळीतही वर्ष-दीड वर्षात ओलावा शिरतोच. उरलेल्या नळीच्या तोंडात एक लांब स्क्रू पिळून ठेवला की पुढच्या वेळी घट्ट झालेला गोळा स्क्रूसकट ओढून काढता येतो.