स्टॅनफर्डचे पहारेकरी आपोआप क्रूर झाले नव्हते

‘साध्या मुलांना पहारेकरी केलं आणि चार दिवसांत त्यांच्यातला पशू जागा झाला.’ ऑगस्ट 1971 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना पहारेकरी, काहींना कैदी बनवून खोटा तुरुंग चालवला गेला. त्या तुरुंग-प्रयोगाबद्दल हे अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं. ते खरं नाही.

प्रयोग सुरू होण्याआधी पहारेकऱ्यांची बैठक झाली. कैद्यांना मारायचं नाही, पण त्यांच्यात भीती, कंटाळा आणि हतबलता निर्माण करा, असं प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी तिथेच सांगितलं. पुढे एक पहारेकरी मवाळ वागू लागला, तेव्हा ‘वॉर्डन’ची भूमिका करणाऱ्या झिंबार्डोंच्या सहायकाने त्याला बाजूला घेऊन कडक वागायला बजावलं. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. शिवाय झिंबार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक! निरीक्षकच खेळात उतरला, तर निष्कर्ष कशाचा काढणार?

एवढं चिथावूनही, झिंबार्डोंच्याच सांगण्यानुसार, साधारण एक तृतीयांश पहारेकरीच क्रूर वागले. बाकीचे नियमांपुरते कडक होते, काही तर कैद्यांना मदत करत. ही बाब सांगताना हमखास गाळली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी गुंडाळला.

2002 मध्ये बीबीसीने दाखवलेल्या अशाच प्रयोगात पहारेकऱ्यांना चिथावणी नव्हती. तिथे ते अधिकार गाजवायलाच कचरले आणि कैद्यांनी एकजूट करून त्यांची सत्ता उलथवली.