इंडक्शन झालं नाही म्हणून प्रोबेशन अडत नाही

स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एक वाक्य फिरतंय: ‘आधी इंडक्शन कोर्स (नव्या शिक्षकांसाठीचं सुरुवातीचं प्रशिक्षण) करून ये, मगच नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळेल.’ नव्यानं लागलेले सहायक प्राध्यापक त्या धास्तीनं कोर्सला नंबर लागण्याची वाट बघत बसतात आणि स्वतःचं प्रोबेशन, म्हणजे कायम होण्याआधीचा परिविक्षा काळ, संपण्याची तारीख विसरतात.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत प्रोबेशन कलम 11 मध्ये आहे. त्यात कोर्सची अट नाही. मुदत एक वर्ष. काम असमाधानकारक वाटलं तर जास्तीत जास्त आणखी एक वर्ष. पण ती वाढ तोंडी चालत नाही, पहिलं वर्ष संपण्याआधी तसा स्वतंत्र आदेश निघावा लागतो. कामाची पडताळणी करून, मुदत संपल्यापासून 45 दिवसांत कायम केल्याचा आदेश देणं संस्थेवर बंधनकारक आहे.

समजा, तुम्ही 1 जुलैला रुजू झालात. पुढच्या 30 जूनपर्यंत वाढीचं पत्र हातात आलं नाही, तर 14 ऑगस्टपर्यंत कायम केल्याचा आदेश यायला हवा. नाही आला तर लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. नेमणूकपत्रातल्या अटीही नीट वाचा.

मग ही गैरसमजूत आली कुठून? बहुधा बढतीच्या नियमांतून. सहायक प्राध्यापकाला वेतनश्रेणीत लेव्हल 10 वरून 11 वर जाताना 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स, म्हणजे अशाच धर्तीचं प्रशिक्षण, खरोखरच लागतो. पण ती पायरी पीएचडी असलेल्यांनाही चार वर्षांच्या सेवेनंतरच येते. कोर्स जरूर करा, शिकवायला त्याचा उपयोग होतो. कायम होणं मात्र त्यावर टांगून ठेवू देऊ नका.