बुर्ज खलिफाचा पाया किती खोल?

‘इमारत जितकी उंच, तितका पाया खोल, आणि तोही थेट कातळावर.’ दुबईच्या बुर्ज खलिफाचे फोटो व्हॉट्सॲपवर आले की खाली हे वाक्य ठरलेलं. ऐकायला पटतं, पण खरं नाही.

बुर्जची उंची 828 मीटर. पाया जमिनीखाली साधारण 50 मीटर, म्हणजे उंचीच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास! आणि तिथे अभेद्य कातळ वगैरे काही नाही. वर वाळू, खाली ठिसूळ वालुकाश्म आणि तशाच कमकुवत खडकांचे थर. मग एवढा डोलारा उभा कशावर?

घर्षणावर. जमिनीत खोल रोवलेली पहार उपटून बघा, माती तिला चहूबाजूंनी धरून ठेवते. ती पकड जशी वर येऊ देत नाही, तशीच खालीही जाऊ देत नाही. बुर्जखाली दीड मीटर व्यासाचे, 40 मीटरहून लांब असे 190 च्या वर काँक्रीटचे खांब आहेत. भार मुख्यतः त्यांच्या अंगाला चिकटलेला खडक पेलतो, टोकाखालचा नव्हे. खांबांच्या डोक्यावर 3.7 मीटर जाडीचा काँक्रीटचा थर ओतलाय, आपल्याकडच्या एका मजल्याहूनही जाड.

इमारत खचली का? हो, काही सेंटीमीटर. तेवढं हिशेबात धरलेलंच होतं.

खरी डोकेदुखी निराळीच होती: तिथलं भूजल समुद्राच्या पाण्याहूनही खारट, लोखंडी सळया खाणारं.